शेवंतीला कळ्या येत नसतील तर

खत वाढवण्याआधी रात्री एकदा गच्चीवर जाऊन बघा, रस्त्याचा दिवा थेट कुंडीवर पडतोय का. शेवंतीला रात्र लांब आणि सलग अंधारी मिळाली तरच ती कळ्या धरते. पडत असेल तर कुंडी हलवा, बाकी काही करू नका.

थंडी पडली की पाणी सकाळीच, तेही बोटभर खोल माती कोरडी लागली तर. कोवळ्या शेंड्यांवर काळा मावा चिकटलेला दिसेल. पाण्याच्या फवाऱ्याने धुवा, उरला तर निंबोळी तेल. दसऱ्याचा झेंडू एव्हाना वाळायला लागला असेल. उगाच जीव अडकवू नका, उपटा आणि तिथे पिटुनिया लावा. मार्गशीर्षातला बहर ओसरला की शेवंती चार बोटं ठेवून छाटा. बुडाशी येणारे फुटवे मात्र जपा, पुढच्या वर्षीची रोपं त्यांचीच.