‘फार्गो’ ही अमेरिकन गुन्हेगारी मालिका कुठून सुरू करू?

पहिल्या सीझनपासूनच करा, बिनधास्त. प्रत्येक सीझनची कथा स्वतंत्र आहे हे खरं, म्हणून बरेच नवे लोक थेट पाचवा लावतात. चालतं, पण एक गंमत हुकते. पहिल्यात (२०१४) छोटं हॉटेल चालवणारा, पोलीस असलेल्या मॉलीचा शांत म्हातारा बाप लू, पूर्वी सू फॉल्स या शहरात काय पाहिलं ते नीट सांगत नाही. दुसरा सीझन १९७९ मध्ये जातो आणि तोच लू तरुण पोलीस म्हणून समोर येतो. अंगावर काटा येतो हो!

सुरुवातीच्या नेहमीच्या चुका:

- भागाच्या सुरुवातीची ‘ही सत्यकथा आहे’ ही पाटी खरी मानून गूगल करत बसणं. कथा काल्पनिक आहे; शोधाल तर शेवट मात्र फुटेल.
- डबिंग लावणं. मिनेसोटा या अमेरिकी राज्यातल्या त्या गोड, सभ्य बोलण्यातच अर्धा विनोद आहे. सबटायटल्स लावा.
- संथ वाटतं म्हणून पहिल्याच भागात सोडणं. नाक फुटलेला विमा एजंट लेस्टर हॉस्पिटलात माल्वो नावाच्या अनोळखी माणसाशेजारी बसतो, तिथपर्यंत तरी थांबा.

चौथा सीझन सध्या बाजूला ठेवा. मला दुसरा सर्वांत आवडतो. तुमचे दोन झाले की बोलू.