कैरो पिरॅमिडांच्या काळातलं शहर आहे का?

तुम्ही विचारलंय की कैरो पिरॅमिडांइतकंच जुनं आहे का आणि इजिप्तच्या फॅरोंच्या, म्हणजे प्राचीन राजांच्या, राजधानीचंच पुढे कैरो झालं का. तर नाही. गिझाचा मोठा पिरॅमिड इसवी सनापूर्वी २५६०च्या आसपासचा. तेव्हाची राजधानी मेम्फिस, आजच्या कैरोपासून वीसेक किलोमीटर दक्षिणेला, नाईलच्या पलीकडच्या काठावर. कैरोचा पाया घातला गेला इसवी सन ९६९मध्ये. फॅरोंचं या शहरात आलं ते दगड. जुन्या गल्ल्यांमधल्या काही इमारतींच्या उंबऱ्यांत आणि तटबंदीत चित्रलिपी कोरलेले दगड सरळ बसवलेले दिसतात, कारण घडीव दगड आयता मिळत असताना खाणीत कोण जाणार!

हा इतिहास कळायला आधी नकाशा बघा. पूर्वेला मुकत्तमच्या टेकड्या, पश्चिमेला नाईल, मध्ये जमिनीची पट्टी. ६४१मध्ये अरब सेनापती अम्र इब्न अल-आसने इथला बॅबिलॉन नावाचा रोमन किल्ला घेतला आणि शेजारीच छावणी टाकली. तिचंच फुस्तात हे गाव झालं. पुढे जो नवा सत्ताधीश आला त्याने जुन्या वस्तीला हात न लावता तिच्या उत्तरेला आपली नवी वस्ती उठवली. अब्बासी या खलिफांच्या घराण्याने ७५०नंतर, त्यांचाच सुभेदार इब्न तुलूनने ८७०मध्ये. इब्न तुलूनचं घराणं बुडाल्यावर ९०५मध्ये अब्बासी फौजेने त्याची नगरी जमीनदोस्त केली, फक्त मशीद ठेवली. विटांची ती भव्य मशीद आजही उभी आहे.

मग ट्युनिशियाकडून फातिमी हे शिया खलिफांचं घराणं आलं. त्यांचा सेनापती जौहरने आणखी उत्तरेला तटबंदीची राजनगरी वसवली, तेच कैरो. अल-अझहर मशीद त्याच काळातली. पण ही नगरी खलिफा, दरबार आणि फौजेची. खरा बाजार, कारखाने, व्यापार सगळं फुस्तातमध्येच राहिलं. तिथल्या बेन एझ्रा सिनेगॉगमध्ये एक कोठी होती. कागदावर देवाचं नाव असू शकतं म्हणून जुने कागद फेकायचे नाहीत, तिथे टाकायचे, अशी ज्यूंची रीत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ती कोठी उघडून जवळपास दोन लाख तुकडे केंब्रिजला नेले गेले. त्यात अब्राहम बेन यिजू या व्यापाऱ्याची पत्रं सापडली. हा माणूस बाराव्या शतकात मंगळूरला राहायचा, तिथे त्याचा धातूची भांडी घडवण्याचा कारखाना होता आणि येमेनमधल्या एडन बंदरातून त्याला कागद, साखर, मनुका पाठवल्या जायच्या. आपल्या पश्चिम किनाऱ्याच्या त्या काळच्या व्यापाराबद्दल इतकी घरगुती माहिती मला दुसरीकडे कुठेच मिळालेली नाही.

११६८मध्ये जेरुसलेमचा ख्रिस्ती राजा चालून आला, तेव्हा वजीर शावरने फुस्तात शत्रूच्या हाती पडू नये म्हणून पेटवून दिलं. लोक कैरोच्या तटाआड पळाले. तीन वर्षांनी सलाहुद्दीन या सेनानीने फातिमींची सत्ता संपवली, राजनगरीची दारं सगळ्यांना खुली झाली आणि ११७६पासून टेकडीवर बालेकिल्ला उभा राहू लागला. १२५०पासून पुढची अडीचशेहून जास्त वर्षं मामलुकांची, म्हणजे गुलाम सैनिकांतून वर आलेल्या सुलतानांची. मला विचाराल तर कैरोचं सगळ्यात देखणं बांधकाम त्यांचंच. त्यानंतरचा ऑटोमन तुर्कांचा काळ मी इथे सोडतो.

सुलतान बदलले तरी शहर चालायचं नाईलच्या पुरावर. रोडा बेटावर ८६१मध्ये बांधलेलं पाणी मोजायचं ठिकाण आहे: दगडी विहीर, कडेने उतरत जाणाऱ्या पायऱ्या, मधोमध अष्टकोनी संगमरवरी खांब आणि त्यावर हातांच्या मापाच्या खुणा. पाणी सोळा हातांवर आलं की पीक चांगलं आणि शेतसारा पुरता वसूल. त्याहून फार कमी भरलं तर दुष्काळ, फार जास्त चढलं तर गावं पाण्याखाली. हीच नदी शतकानुशतकं पश्चिमेला सरकत गेली आणि मागे नवी जमीन सोडत गेली. एकोणिसाव्या शतकात इजिप्तचा शासक खेदिव इस्माईलने पॅरिसच्या धर्तीवर रुंद रस्त्यांचं नवं शहर उभारलं ते याच जमिनीवर. २०११च्या आंदोलनाचा तहरीर चौकही तिथलाच. आता सरकारी खाती पूर्वेला वाळवंटात, पंचेचाळीसेक किलोमीटरवर बांधलेल्या नव्या राजधानीत हलवली जात आहेत.

सहलीला जाणार असाल तर पिरॅमिडांनंतर एक सकाळ जुन्या कैरोसाठी राखून ठेवा. उत्तरेच्या बाब अल-फुतूह वेशीपासून मुइज्झ रस्त्याने दक्षिणेच्या बाब झुवेलापर्यंत दीडेक किलोमीटर चाला. वेशीलगतची अल-हाकिम मशीद पडीक झाली होती; फातिमी परंपरा मानणाऱ्या दाऊदी बोहरा समाजाने, मुंबईच्या सय्यदनांच्या पुढाकाराने तिचा जीर्णोद्धार करून १९८०मध्ये ती पुन्हा सुरू केली. नव्या पांढऱ्या संगमरवरामुळे जुनेपण झाकलं गेलं असं मला वाटतं, पण ती नांदती आहे हे मोठंच आहे. बाब झुवेलाच्या बुरुजांवर मशिदीचे दोन मिनार चढवलेत, ते नीट पाहा. १५१७मध्ये शेवटच्या मामलुक सुलतानाला, तुमानबायला, ऑटोमनांनी याच वेशीवर फाशी दिलं. इब्न तुलूनची मशीद या वाटेवर येत नाही, तिथून दक्षिणेला आणखी अर्धा तास चालावं लागतं. वेळ कमी पडला तर दुसरं काहीही गाळा, ती गाळू नका.