गरीब देशांत जन्मजात दोषावर ऑपरेशन झालेली बाळं इतकी का दगावतात? सर्जन कमी पडतात का?

नाही, मुख्य कारण सर्जनचा हात नाही. बाळ उशिरा आणि अंगात जंतुसंसर्ग पसरलेल्या अवस्थेत पोचतं, आणि ऑपरेशननंतर त्याला तगवणाऱ्या सोयी नसतात. २०२१ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या अभ्यासात ७४ देशांतल्या २६४ रुग्णालयांतली, अन्ननलिका-आतड्यांचे आणि पोटाच्या भिंतीचे जन्मजात दोष असलेली ३,८४९ बाळं होती. कमी उत्पन्नाच्या देशांत मृत्यू ३९.८ टक्के, मध्यम उत्पन्नाच्या देशांत २०.४, श्रीमंत देशांत ५.६. गॅस्ट्रोस्कायसिसमध्ये, म्हणजे बेंबीशेजारच्या छिद्रातून आतडी बाहेर आलेली असतात त्या दोषात, तर गरीब देशांत ९० टक्के, श्रीमंत देशांत १.४! दोष तोच, फक्त जन्माचं ठिकाण वेगळं. हे वाचून मन सुन्न होतं.

अशा बाळाची आतडी आठवडे-आठवडे दूध पचवू शकत नाहीत. तोवर शिरेतून पोषण द्यावं लागतं. ते नसेल तर पोट नीट शिवूनही बाळ हातचं जातं. जन्मल्या जन्मल्या आतड्यांवर स्वच्छ पारदर्शक प्लास्टिक गुंडाळणं, बाळाला उबेत ठेवणं, उजव्या कुशीवर वळवणं, नाकातोंडातून नळी घालून पोट रिकामं ठेवणं, सलाईन लावणं, हे प्रसूतिगृहातली नर्ससुद्धा करू शकते. याला फार पैसा लागत नाही, शिकवण लागते. व्हेंटिलेटर नसणं आणि ऑपरेशनआधीची सुरक्षा-यादी न तपासणं यांचाही त्या अभ्यासात मृत्यूंशी संबंध दिसला.

एक लक्षात घ्या: हे आकडे रुग्णालयापर्यंत पोचलेल्या बाळांचे आहेत. घरी किंवा वाटेतच गेलेली बाळं यात मोजलेलीच नाहीत.