विंचेस्टर घ्यायचीच असेल तर उसाच्या बिलातून घ्या

प्रश्न : वय 48. उद्यमनगरात छोटं मशीन शॉप, भोगावतीकाठी चार एकर ऊस. मुलगी बारावीत, मुलगा 19 वर्षांचा. वडिलांच्या पश्चात त्यांची बारा बोअरची डबल बॅरल बंदूक माझ्या परवान्यावर आली आहे. पन्हाळ्याकडच्या एका ओळखीच्या घरात विंचेस्टर 94 रायफल आहे, लिव्हर ॲक्शन (खालचा दांडा हलवून काडतूस भरायची), बोअर .30-30. मालक गेल्या वर्षी वारले, रायफल सध्या डीलरकडे जमा आहे. वारस सहा लाख मागतात, त्यातला एक लाख विसार लगेच. माझ्या 14 लाखांच्या ठेवी आहेत, त्यातल्या सहा मोडू का? बाहेरून माल येणं बंद आहे, म्हणजे किंमत वाढतच जाणार. हौसेची हौस आणि गुंतवणुकीची गुंतवणूक. आजोबा कोल्हापूर संस्थानच्या शिकारखान्यात होते, त्यामुळे ही रायफल लहानपणापासून डोक्यात बसली आहे.

उत्तर :

दादा, ठेव मोडू नका आणि विसार तर अजिबात देऊ नका. पण नाद सोडा असंही मी म्हणणार नाही. तुमच्या पत्रातलं शेवटचं वाक्य खरं आहे आणि मला पटलं. त्याच्या आधीचं, गुंतवणुकीचं, ते मात्र तुम्ही स्वतःची समजूत काढायला लिहिलंय असं वाटतं.

आधी तेच बघू. विंचेस्टर 94 ही जॉन ब्राउनिंगच्या डोक्यातून निघालेली रायफल. 1894 साली बाजारात आली आणि .30-30 चं काडतूस पुढच्याच वर्षी आलं. धूर न करणाऱ्या दारूवर चालणारी, हलकी, घोड्याच्या खोगिराला अडकवता येणारी, म्हणून अमेरिकेत ती घरोघरी पोचली. किती पोचली? 70 लाखांहून जास्त बनल्या. म्हणजे वस्तू दुर्मिळ नाही. ती फक्त इथे दुर्मिळ आहे, कारण 1980 च्या दशकापासून साध्या परवानाधारकाला परदेशी हत्यार आयात करणं जवळजवळ बंद आहे. तुम्ही जे सहा लाख देणार, त्यातला मोठा हिस्सा लोखंड-लाकडाचा नाही, सरकारी धोरणाचा आहे. धोरण आहे तोवर भाव आहे. आता खासगी कंपन्यांनाही देशात हत्यारं बनवायला परवाने मिळतात. उद्या आयातीचा नियम थोडा जरी सैल झाला तरी हा भाव कुठं जाईल ते मी सांगू शकत नाही, आणि तुम्हाला विकणारा तर नाहीच नाही.

अमेरिकेतल्या लिलावांचे आकडे बघून हुरळू नका. ते गिऱ्हाईक तुमचं नाही. इथून हत्यार बाहेर पाठवायला वेगळा परवाना लागतो, आणि शंभरी ओलांडलेली वस्तू असेल तर पुरावस्तू कायदा आडवा येतो. तुमचं गिऱ्हाईक म्हणजे भारतातला परवानाधारक, ज्याच्या परवान्यावर जागा रिकामी आहे, ज्याला हीच रायफल हवी आहे आणि ज्याच्याकडे रोख पैसे आहेत. असे किती जण तुमच्या ओळखीत आहेत ते मोजा.

साधा हिशेब घ्या. सहा लाख सात टक्क्यांनी दहा वर्षं ठेवले तर कर धरण्याआधी पावणेबारा लाखांच्या पुढे जातात. म्हणजे 58 व्या वर्षी ही रायफल बारा लाखांना गेली तर तुम्ही जेमतेम बरोबरीत. त्यात डीलरचं कमिशन, जमा ठेवली तर त्याचं भाडं, तेलपाणी धरलेलं नाही. आणि विकायचं ठरवलं म्हणून लगेच विकता येत नाही. खासगी विक्रीआधी जिल्हाधिकारी किंवा जवळच्या पोलीस ठाण्याला लेखी कळवून किमान 45 दिवस थांबावं लागतं. दवाखान्याचं बिल 45 दिवस थांबत नाही.

कराचंही बघा. स्वतःच्या वापराची वस्तू म्हणून ती ठेवली तर विक्रीच्या नफ्यावर भांडवली कर लागू नये, पण मग तोटा झाला तर तोही कुठं वजा करता येत नाही. आणि ‘गुंतवणूक म्हणून घेतली’ असं तुम्हीच बोलायला लागलात तर ही सवलत कोणत्या तोंडानं मागणार? तुमच्या सीएंना एकदा विचारून घ्या. घ्यायचीच तर हौस म्हणून घ्या, वहीत खर्च म्हणून लिहा.

आता जे तुम्ही पत्रात लिहिलंच नाही आणि मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते. शस्त्र कायद्याच्या 2019 च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला दोनच हत्यारं ठेवता येतात, पूर्वी तीन होती. वडिलार्जित हत्यारही त्या दोनात धरतात. तुमची एक जागा वडिलांच्या बारा बोअरनं भरली आहे. विंचेस्टर घेतली की दुसरी गेली. पैसे पुन्हा कमावता येतील, पण तिसरी जागा मिळणार नाही. उद्या शेतावर राहायला गेलात आणि संरक्षणासाठी काही वेगळं हवंसं वाटलं, तर दोनांतलं एक विकावं लागेल, तेही पुन्हा त्याच 45 दिवसांच्या वाटेनं. वडिलांची बंदूक तुम्ही विकणार नाही हे मी गृहीत धरतो. म्हणजे विकायची वेळ आली तर विंचेस्टरच जाणार, आणि ती गरजेपोटी जाणार. गरजेपोटी विकणाऱ्याला भाव कोण देतो?

मुलाला पुढे देईन असं मनात असेल तर त्याचं वय 21 पूर्ण लागेल आणि परवाना त्याला त्याच्या नावानं, त्याच्या कारणासाठी मिळवावा लागेल. रायफल वारसानं येते, परवाना येत नाही. तुम्ही जिच्या मागे आहात ती रायफल आज डीलरच्या कपाटात का पडली आहे? याच कारणानं.

त्याच गोष्टीत तुमचा फायदाही आहे, आणि तो तुम्हाला दिसलेला नाही. मालक वारल्यावर वारसांनी हत्यार पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक डीलरकडे जमा करायचं असतं. जमा केलेलं हत्यार नियमातल्या मुदतीत वारसानं आपल्या परवान्यावर घेतलं नाही किंवा पात्र माणसाला विकलं नाही, तर जिल्हाधिकाऱ्यांच्या आदेशानं ते सरकारजमा होऊ शकतं. म्हणजे घड्याळ त्यांचं चालू आहे, तुमचं नाही. विसाराची घाई त्यांना का आहे ते यातून कळतं. त्यांची अडवणूक करा असं मी म्हणत नाही, ओळखीचं घर आहे. पण सहा लाख हा त्यांनी तोंडाला येईल तो सांगितलेला आकडा आहे, एवढं ध्यानात ठेवून बोला.

विसार नको म्हणतो त्याचं कारणही हेच. सगळ्या वारसांची संमती आहे का? जमा पावती कुणाच्या नावे आहे? तुमच्या परवान्यावर दुसरं हत्यार वाढवायची परवानगी जिल्हाधिकारी कार्यालयातून मिळेल का, कधी मिळेल? यातलं काहीच हातात नसताना बॉण्डपेपरवर लाख रुपये देणं म्हणजे खरेदीखताशिवाय जमिनीचा ताबा घेण्यासारखं. परवानगीविना रायफल चार दिवस ‘बघायला’ म्हणून घरी आणायचा विचारही करू नका. परवान्याबाहेरच्या हत्याराला आता दोन ते पाच वर्षांची शिक्षा आहे, आणि हातातला बारा बोअरचा परवानाही जाईल तो वेगळाच.

वापराबद्दल. आजोबांच्या काळी छत्रपती शाहू महाराजांच्या संस्थानात चित्त्यांकडून शिकार होत होती, दाजीपूरचं रान राखीव शिकारीचं होतं. तेच रान 1958 साली अभयारण्य झालं, आणि 1972 च्या वन्यजीव कायद्यानं आणि त्याच्या 1991 च्या दुरुस्तीनं शिकारच संपली. गवा उसात घुसला म्हणून परवान्याची रायफल चालवता येत नाही, त्याला वनखात्याची वेगळी परवानगी लागते. उरते ती नेमबाजीची रेंज. पण आपल्याकडच्या बहुतेक रेंज एअर रायफल आणि .22 साठी आहेत, .30-30 झाडू देणारी शोधावी लागेल. काडतुसांचंही तसंच. सरकारी कारखान्यातून रायफलची म्हणून निघतात ती मुख्यतः .315, .30-06 आणि .22 ची. .30-30 चं काडतूस परदेशी, डीलरकडे असेल तेव्हा आणि तो म्हणेल त्या भावानं. जुना साठा असेल तर फुसकाही निघतो. विंचेस्टरच्या नळीसारख्या मॅगझिनमध्ये काडतुसं एकामागे एक बसतात, मागच्याचं टोक पुढच्याच्या बुडाला टेकतं, म्हणून गोळी चपट्या नाकाचीच लागते, टोकदार चालत नाही. तेव्हा कुणी ‘हे बसतंय बघा’ म्हणून भलतंच काडतूस हातात दिलं तर परत करा.

म्हणजे वर्षाकाठी थोडे बार आणि बाकी वेळ पुसणं, तेल लावणं, लिव्हर खालीवर करून तो आवाज ऐकणं. त्यात आनंद नाही असं कोण म्हणेल? मी नाही म्हणणार. फक्त त्या आनंदाची किंमत किती हे आपण ठरवायचं, वारसांनी नाही.

आता तुमच्या 14 लाखांकडे. त्यातले आठ मुलीच्या शिक्षणाचे असं तुम्हीच दुसऱ्या पानावर लिहिलंय. उरलेले सहा ‘मोकळे’. दादा, ते मोकळे नाहीत. घरखर्च 55 हजार आणि मशीनचा हप्ता 28 हजार, म्हणजे सहा लाख हे जेमतेम सात महिन्यांचं पोट आहे. 2019 ला आणि 2021 ला पाणी आलं तेव्हा नदीकाठचा ऊस किती दिवस पाण्याखाली होता ते तुम्हाला मी सांगायला नको. गिऱ्हाइकाचं पेमेंट अडलं, उसाचं बिल लांबलं आणि मुलीची फी एकाच महिन्यात आली तर याच सहा लाखांना हात घालावा लागणार. चौघांना मिळून पाच लाखांचा आरोग्य विमा आहे, तोही आजच्या दवाखान्यांच्या मानानं तोकडा. तो आधी वाढवा. टॉप-अप घेतला तर हप्ता रायफलच्या तेलपाण्याएवढाही जाणवणार नाही.

मग पैसे कुठून? चार एकरांचं बिल, खर्च जाऊन, वर्षाला अडीच लाखांच्या आसपास उरतं असं तुम्ही लिहिलंय. सध्या ते दुकानाच्या खात्यात जाऊन दिसेनासं होतं. येत्या हंगामाची पहिली उचल आली की त्यातले दीड लाख वेगळ्या खात्यात टाका. एसआयपीला हात न लावता महिन्याला 15 हजारांचं आरडी सुरू करा, वर्षात 1 लाख 80 हजार होतील. दोन्ही मिळून 3 लाख 30 हजार. परवानगीच्या कागदांना तसाही वेळ जाणार, तेवढ्यात रक्कम उभी राहते आणि कुणाचं काही मोडत नाही. माझ्या मते या रायफलसाठी तुमची कमाल मर्यादा त्याच्याच आसपास, साडेतीन लाख. त्यावर ते येत नसतील तर राम राम करून उठा. दुसरी विंचेस्टर निघेल. जुन्या परवानाधारकांच्या पुढच्या पिढ्यांना ही हत्यारं नकोच असतात, अशी घरं आपल्या भागात पुष्कळ आहेत.

भाव करण्याआधी डीलरकडे जाऊन, त्याच्या समोर, दिवसाच्या उजेडात बघून घ्या. नंबर फ्रेमच्या खालच्या बाजूला, पुढच्या टोकाशी कोरलेला असतो. तो मालकाच्या परवान्यावरच्या नोंदीशी अक्षरन्‌अक्षर जुळला पाहिजे, आणि बोअरची नोंदही. वारस म्हणतात ‘1950 च्या दशकातली आहे’. 1964 मध्ये कंपनीनं खर्च वाचवायला बनवायची पद्धत बदलली, त्याआधीच्या रायफलींना जाणकार जास्त भाव देतात. तुम्ही मशीनवाले आहात, तुम्हाला ओळखणं अवघड नाही. फ्रेममधल्या पिना बघा, गुंडाळलेल्या पत्र्याच्या पोकळ दिसल्या तर ती नंतरची. काडतूस वर उचलणारा भाग दाबून काढलेल्या पत्र्याचा असेल तरी तेच. स्क्रूच्या खाचा खाल्लेल्या असतील तर कुणीतरी घरगुती पेचकसानं उघडली आहे. फ्रेमच्या बुडाचा निळा रंग हातात धरून धरून उडालेला असेल तर घाबरू नका, ते खरं वय आहे. उलट सगळीकडे चकचकीत निळी दिसली आणि कोरलेली अक्षरं बोथट वाटली तर पॉलिश करून पुन्हा रंगवली आहे. संग्राहकाच्या लेखी तिची किंमत तिथेच पडते, मग साडेतीन काय, मी दोनही देणार नाही. आणि ती चामड्याच्या कव्हरमध्ये ठेवलेली असेल तर नळी आतून बॅटरी मारून बघा. आपल्या पावसाळ्यात चामडं ओल धरतं आणि गंज आतून खातो.

मुलाला नेमबाजीची गोडी लावायची असा एक उल्लेख तुमच्या पत्रात ओझरता आहे. त्यासाठी ही रायफल नको. कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे 2024 ला पॅरिसहून 50 मीटर रायफलचं कांस्यपदक घेऊन आला, नेमबाज तेजस्विनी सावंत आणि राही सरनोबत कोल्हापूरच्याच. यातलं कुणीही विंचेस्टरवर शिकलेलं नाही. मान्यताप्राप्त रायफल क्लबचा सदस्य झाला तर सरावाच्या .22 किंवा एअर रायफलला दोन हत्यारांची मर्यादाही आड येत नाही. फी आणि साहित्य धरूनही तुमच्या सहा लाखांतला थोडाच भाग लागेल, आणि मुलगा दर आठवड्याला प्रत्यक्ष नेम धरेल.

सोमवारी दोन कामं करा. विमा एजंटला टॉप-अपचे दर मागा, आणि जिल्हाधिकारी कार्यालयाच्या गृह शाखेत जाऊन दुसऱ्या हत्याराच्या नोंदीसाठी काय काय लागतं ते लिहून आणा. वारसांना सांगा, जमा पावतीची झेरॉक्स आणि सगळ्या वारसांची सही असलेली संमती दाखवा, मग भावाचं बोलू. पंधरा दिवसांत झेरॉक्स आली नाही तर हा व्यवहार तुमच्यासाठी नव्हताच असं समजा आणि आरडी मात्र चालू ठेवा.