ट्रक लोडवर बूस्ट घेत नाही, एक्झॉस्ट प्रेशर सेन्सरचा कोडही येतोय. टर्बो बदलू का?

टर्बोला एवढ्यात हात लावू नका.

तुम्ही लिहिलंय त्यावरून मला कळलेलं असं: गाडी बीएस-६, व्हीजीटी टर्बोची. रिकामी असली की झकास पळते. कोकणातून माल भरून साखरपा सोडलं आणि आंबा घाट लागला की ओढायची बंद होते, चेक लाईट लागते. स्कॅनरवर दोन कोड दिसतात, एक एक्झॉस्ट प्रेशर सेन्सरचा आणि दुसरा बूस्ट, म्हणजे टर्बो इंजिनात कोंबतो त्या हवेचं प्रेशर, कमी असल्याचा. सेन्सर बदलून झाला, आता गॅरेजवाले टर्बो बदला म्हणतायत. मी कोल्हापूरजवळ शिरोली एमआयडीसीकडे ट्रकच्या वायरिंगचं आणि स्कॅनिंगचं काम करतो. हे दोन कोड जोडीनं आले तर मी टर्बोकडे सगळ्यात शेवटी जातो.

व्हीजीटी टर्बोत टर्बाइनभोवती हलणाऱ्या पात्या असतात. त्या मिटल्या की एक्झॉस्टचं प्रेशर वाढतं, टर्बो जोरात फिरतो आणि बूस्ट चढतो. किती मिटायच्या हे ईसीएम, म्हणजे इंजिनचा कंप्युटर ठरवतो, आणि बऱ्याच इंजिनांत त्यासाठी तो एक्झॉस्ट मॅनिफोल्डवरच्या (इंजिनचा धूर गोळा होतो त्या पाइपवरच्या) एक्झॉस्ट प्रेशर सेन्सरकडे बघतो. सेन्सरनं खोटंच जास्त प्रेशर दाखवलं तर ईसीएम घाबरून पात्या उघडतो आणि बूस्ट पडतो. म्हणजे टर्बो धडधाकट असतो, त्याला हुकूमच चुकीचा मिळतो.

पहिली तपासणी फुकटातली आहे. गाडी रात्रभर थंड होऊ द्या. सकाळी इंजिन चालू न करता किल्ली ऑन करा आणि स्कॅनरवर तीन आकडे बघा: बॅरोमेट्रिक प्रेशर, बूस्ट (इनटेक मॅनिफोल्ड) प्रेशर आणि एक्झॉस्ट प्रेशर. इंजिन बंद असताना तिन्हीकडे बाहेरचीच हवा असते, म्हणून आकडे जवळपास सारखे यायला पाहिजेत. कोल्हापूर उंचावर असल्यामुळे इथे ९५ केपीएच्या (केपीए हे दाबाचं माप) आसपास येतात, रत्नागिरीला खाली १०१ च्या आसपास. काही स्कॅनर हवेचा दाब वजा करून दाखवतात, तिथे बूस्ट आणि एक्झॉस्ट शून्याजवळ दिसले पाहिजेत. दोन आकडे ९५ आणि एक्झॉस्टचा एकटा १२५ असेल, तर घोळ सेन्सरमध्ये, त्याच्या वायरिंगमध्ये किंवा कपलरमध्ये (वायर जोडायच्या प्लगमध्ये) आहे.

कोडचा शेवटचा आकडाही बघा. जड गाड्यांत कोड एसपीएन १२०९ (तक्रार कशाची ते सांगणारा नंबर) असा येतो आणि पुढे एफएमआय (बिघाड कसला ते सांगणारा आकडा) असतो. एफएमआय ३ किंवा ४ म्हणजे व्होल्टेजची तक्रार, तिथे मल्टिमीटर काढा. कपलर सोडून किल्ली ऑन केल्यावर एका पिनवर ५ व्होल्ट आणि एका पिनवर पक्की अर्थ मिळाली पाहिजे. वायर मॅनिफोल्डजवळून जाते, तिथे स्लीव्ह भाजून कडक झालेली असते. ती हातानं वाकवून बघा, नुसत्या डोळ्यांना चिरलेली तार दिसत नाही.

किल्ली ऑनचे आकडे बरोबर असूनही कोड येत असेल, तर मॅनिफोल्डपासून सेन्सरपर्यंत जाणारी लोखंडी नळी काढा. बहुतेक गाड्यांची गोम इथेच असते, आणि नुसता सेन्सर बदलून कोड परत येतो तोही हिच्यामुळेच. आत काजळी जमून दगडासारखी होते, भोक सुईएवढं राहतं. मग प्रेशर सेन्सरपर्यंत उशिरा पोचतं आणि उतरतंही उशिरा. नट गंजलेले असतात, त्यावर आदल्या दिवशी रस्ट स्प्रे मारून ठेवा, नाहीतर नळी पिळवटून तुटेल. सेन्सर आधी काढून बाजूला ठेवा आणि मगच नळीत जुनी क्लच केबलची तार फिरवा. सेन्सर बसलेला असताना हवा मारली तर आतला पडदा फाटतो, नवा सेन्सर मिनिटात कचऱ्यात. मॅनिफोल्डकडचं भोकही साफ करा, ते हमखास विसरतं. नळीच गेली असेल तर कोल्हापूरच्या उद्यमनगरात करून मिळेल, फक्त आतला व्यास आणि लांबी जुन्याएवढीच ठेवायला सांगा.

एवढं करूनही घाटात दम जात असेल तर लोड घेऊन चढावर लाइव्ह डेटा रेकॉर्ड करा. स्कॅनर क्लीनरच्या हातात द्या, ड्रायव्हरच्या नको. मागितलेला बूस्ट, मिळालेला बूस्ट आणि एक्झॉस्ट प्रेशर हे एकत्र बघायचे. बूस्ट कमी आणि एक्झॉस्ट प्रेशरही कमी असेल तर हवा कुठेतरी निसटतेय: मॅनिफोल्डचं गॅस्केट, किंवा व्हीजीटीच्या पात्या उघड्याच अडकल्यात. बूस्ट कमी पण एक्झॉस्ट प्रेशर चढलेलं असेल तर पुढे रस्ता बंद आहे. म्हणजे डीपीएफ (काजळी अडवणारा फिल्टर) भरलाय, नाहीतर एक्झॉस्ट ब्रेकची फडकी अर्धी मिटलेली अडकलीय. घाट उतरताना एक्झॉस्ट ब्रेक सतत वापरणाऱ्या गाड्यांत ही फडकी मी आवर्जून हातानं हलवून बघतो. बरेच मिस्त्री तिच्याकडे ढुंकूनही बघत नाहीत.

एक्झॉस्ट प्रेशर ठीक आणि फक्त बूस्ट कमी असेल तर इंटरकूलरचे (टर्बोची गरम हवा गार करणाऱ्या जाळीचे) होज बघा. होज खालच्या बाजूनं फाटतो, आणि गाडी उभी असताना चीर मिटलेली असते. दाबून उघडा. क्लॅम्पशेजारी तेलकट ओघळ आणि त्यावर चिकटलेली धूळ दिसली की लीक तिथेच. खात्री करायची तर दोन्ही टोकं बंद करून रेग्युलेटरनं एक बारच्या आत हवा भरा आणि साबणाचं पाणी मारा. उसाच्या सीझनला फडात जाणारी गाडी असेल तर एअर फिल्टरही उघडा, पाचटाच्या भुशानं तो वेळेआधी चोंदतो.

जुन्या गाडीत होज फाटला की काळा धूर यायचा आणि लांबूनच कळायचं. बीएस-६ मध्ये ती काजळी डीपीएफ गिळतो, धूर दिसतच नाही, फक्त गाडी रिजनरेशन (डीपीएफमधली काजळी जाळणं) वारंवार मागायला लागते. म्हणून लीक सापडायच्या आधी फोर्स्ड रिजनरेशन करून उपयोग नाही, चार दिवसांत डीपीएफ परत भरेल. करायचंच झालं तर मोकळ्या काँक्रीटवर करा, पाचट किंवा वाळक्या गवताजवळ नको. सायलेन्सरची उष्णता ५०० अंशांच्या वर जाते. डीपीएफच्या डिफरन्शियल सेन्सरच्या (फिल्टरच्या आधीच्या आणि नंतरच्या प्रेशरमधला फरक मोजतो त्याच्या) दोन रबरी नळ्याही तपासा. इंजिन बंद असताना तिथे शून्य दिसायला पाहिजे. नळ्या उलट लावल्या असतील तर चालू इंजिनवर आकडा उणे येतो. डीपीएफ कापून टाका असं सांगणारे भेटतील. त्यांचं ऐकू नका, ते बेकायदेशीर आहे आणि पासिंगला पैसे परत घालावे लागतील.

आता राहिला टर्बो. थंड इंजिनवर इनलेटचा होज काढून शाफ्ट हलवा. आडवा थोडा खेळ चालतो, कारण बेअरिंग तेलावर तरंगतं. पुढे-मागे खेळ लागला किंवा पंख्याची पाती घराला घासल्याची खूण दिसली तर टर्बो गेला समजा. तसं नसेल तर स्कॅनरवरून ॲक्च्युएटर (पात्या हलवणारा भाग) टेस्ट घ्या, दांडी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत न अडखळता गेली पाहिजे. आणि बदलायचाच ठरला तर तेलाची फीड लाईन आणि रिटर्न पाईप साफ झाल्याशिवाय नवा बसवू देऊ नका.

सकाळचे किल्ली ऑनचे तीन आकडे आणि पूर्ण कोड एफएमआयसकट इथे कमेंटमध्ये टाका. गाडीचं मॉडेलही लिहा, म्हणजे नळी नेमकी कुठल्या बाजूनं काढायची ते सांगतो.