डिजिटल चित्राला जुन्या छपाईसारखा हाफटोन (बारीक ठिपक्यांनी बनलेल्या चित्राचा) इफेक्ट द्यायचा आहे, पण तयार फिल्टर लावला की तो नकली वाटतो. काय करावं?

चित्राचे सायन, मजेंटा, पिवळा आणि काळा असे चार भाग सुटे करा, प्रत्येकाचे ठिपके वेगळ्या कोनात पाडा आणि चारही लेयर ‘मल्टिप्लाय’ मोडमध्ये (ज्यात खालचे रंग वरच्यातून दिसतात) एकावर एक ठेवा. ऑफसेट छपाईत रूढ असलेले कोन असे: सायन 15, मजेंटा 75, पिवळा 0, काळा 45 अंश. ठळक तीन रंगांत 30 अंशांचं अंतर राहिलं की ठिपक्यांची छोटी फुलं दिसतात. कोन चुकले तर डोळ्यांना खुपणारे मोआरेचे पट्टे येतात. पिवळा डोळ्यांना सर्वांत कमी जाणवतो, म्हणून शेजाऱ्यांपासून फक्त 15 अंशांवरचा, उरलेला अडचणीचा कोन त्याच्या वाट्याला. फोटोशॉपमध्ये प्रत्येक रंगाचा चॅनल ग्रेस्केल फाइल म्हणून काढून ‘बिटमॅप’ मोडमधला ‘हाफटोन स्क्रीन’ वापरा. गिंपमध्ये ‘न्यूजप्रिंट’ फिल्टर आहे, तिथे कोन हाताने भरता येतात.

नकलीपणाचं खरं कारण मात्र बहुतेकदा रंगच असतो. शुद्ध पांढरा कागद आणि शंभर टक्के काळी शाई कुठल्याच जुन्या अंकात सापडत नाही. कागद किंचित पिवळसर करा, काळा थोडा उतरवा आणि एखादा रंग दोन-तीन पिक्सेल सरकवा. रजिस्ट्रेशन (रंगांची एकमेकांवरची जुळणी) हललेलं दिसलं की निम्मं काम झालंच! ठिपकेही ऐसपैस ठेवा: वर्तमानपत्राची स्क्रीन (ठिपक्यांची जाळी) साधारण 85 ठिपक्यांच्या रेषा प्रति इंच, गुळगुळीत मासिकाची 133 ते 150.

फक्त हे सगळं चित्राचा अंतिम आकार ठरल्यावरच करा. नंतर लहान-मोठं केलंत, तर कोन अचूक असूनही मोआरे येईल.