लेझरने चेहऱ्यावरचे आणि अंगावरचे केस कायमचे जातात का?

कायमचे साफ होतील असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. केस बरेच कमी होतात, उरलेले बारीक आणि फिके येतात. पुढे मधूनमधून एखादं सेशन लागतंच.

लेझर केसातल्या काळ्या रंगद्रव्याला, म्हणजे मेलॅनिनला तापवून मुळाला इजा करतो. म्हणून पांढऱ्या केसांवर तो फुकट. शिवाय एका वेळी वाढीच्या टप्प्यातलेच केस सापडतात, त्यामुळे साधारण ६ ते ८ सेशन्स, चेहऱ्यासाठी ४ ते ६ आठवड्यांच्या अंतराने. सावळ्या त्वचेला १०६४ नॅनोमीटर तरंगलांबीचा एनडी-याग नावाचा लेझर त्यातल्या त्यात सुरक्षित. मशीन कोणतं, हे आधी विचाराच.

आधीचा महिनाभर वॅक्सिंग, थ्रेडिंग बंद. मूळच उपटलं तर लेझर मारणार कशावर? रेझर चालतो, आदल्या दिवशी फिरवून जा. दुखतं म्हणजे रबर बँड सटकन लागावा तसं. वरच्या ओठावर डोळ्यांत पाणी येतं, खोटं कशाला बोलू!

हनुवटीवर जाड केस आणि पाळीही अनियमित असेल तर आधी डॉक्टरांकडून पीसीओएस, म्हणजे अंडाशयाशी संबंधित हार्मोन्सचा बिघाड, आहे का ते तपासून घ्या. हार्मोन्स तसेच बिघडलेले राहिले तर नवे केस येतच राहतात.